पळताना अडणारा पाय

बँकेच्या नोकरीत एक गोष्ट अंगवळणी पडली. केवळ ३१ मार्चचा ताळेबंद पाहून शाखेची प्रकृती ठरवू नये. त्या दिवशी सगळे आकडे शहाण्यासारखे वागतात. ओढाताण दिसते ती एरवीच्या व्यवहारात. काही दुखण्यांचेही असेच असते. ‘पॉप्लिटियल आर्टरी एन्ट्रॅपमेंट सिंड्रोम’ हे लांबलचक नावाचे दुखणे त्यांपैकीच एक.

गुडघ्यामागच्या लवणीतून पायाला रक्त नेणारी मोठी धमनी जाते. काहींच्या बाबतीत जन्मतःच तिची वाट, किंवा पोटरीच्या स्नायूची जोडणी, जागा सोडून असते. धावताना पोटरी आवळली की धमनी चिमटीत सापडते. पोटरीत गोळे येतात, पाऊल बधिर होते. थांबले की थोड्या वेळात सारे पूर्ववत! १८७९ मध्ये एडिंबराच्या अँडरसन स्टुअर्ट या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने एका कापलेल्या पायाचे विच्छेदन करताना ही आडवळणी धमनी नोंदवली. तिच्यावरील यशस्वी शस्त्रक्रियेचा वृत्तान्त मात्र यायला १९५९ उजाडले. नेदरलँड्समधील हॅमिंग यांचा तो रुग्ण अवघ्या १२ वर्षांचा मुलगा होता.

हा विकार दुर्मिळ, आणि रुग्ण बहुधा तरुण, धट्टाकट्टा. टेबलावर निजवून नाडी पाहिली तर ती उत्तम लागते. मग ‘स्नायू दुखावलाय’ इथपासून ‘मनाचे खेळ आहेत’ इथपर्यंत सगळी निदाने होतात. खरे तर पाऊल खाली ताणायला लावून, व्यायामानंतर, डॉपलरखाली पाय तपासायला हवा. निरोगी माणसाचीही नाडी अशा वेळी कधी मंदावते, म्हणून निष्कर्ष जाणकारानेच काढावा. वेळीच स्नायू मोकळा केला तर बहुतेकांना पुन्हा धावता येते. उशीर झाला तर धमनीच खराब होते, आत गुठळी धरते आणि दुसऱ्या शिरेचा तुकडा जोडून रक्ताला नवी वाट काढून द्यावी लागते.

आपल्याकडे पोलीस भरतीच्या १६०० मीटरसाठी गावोगावची मुले पहाटे रस्त्यावर धावत असतात. त्यांच्यातल्या प्रत्येक पोटरीदुखीमागे हा विकार नसतो, बहुतेकदा नसतोच. पण एखादा मुलगा रोज ठरावीक अंतरावर अडत असेल, थांबताच बरा होत असेल, तर त्याला अंगचोर ठरवण्याआधी प्रशिक्षकाने त्याला विचारावे : नेमके कुठे दुखते, किती पळाल्यावर, आणि थांबल्यावर किती वेळाने राहते? ही तीन उत्तरे कागदावर लिहून मुलाला डॉक्टरांकडे पाठवावे. त्याला खर्च काहीच नाही. आणि न विचारल्यास एखाद्याचा पाय कायमचा अधू होऊ शकतो.