मधल्या मापाचा सदरा

कपड्यांच्या दुकानावर ‘सेल’ची पाटी लागली की गिऱ्हाईक खूश होते. दुकानदाराचे तसे नसते. सहा-आठ महिन्यांपूर्वी त्याने ज्या अंदाजावर माल भरला, तो अंदाज कुठे कुठे चुकला त्याची ती जाहीर यादीच असते. जांभळा रंग कोणी घेतला नाही, लांब बाह्या चालल्या नाहीत आणि जे चालले ते पंधरा दिवसांत संपले, पुन्हा मिळालेच नाही. तयार कपड्यांच्या धंद्यातले जुने दुखणे ते हेच. कापड नासत नाही, पण फॅशन भाजीसारखी शिळी होते.

या दुखण्यावर स्पेनमधील एका माणसाने काढलेला उपाय आज जगभर व्यवस्थापनशास्त्राच्या वर्गांत शिकवला जातो. त्यांचे नाव अमान्सिओ ओर्तेगा. रेल्वे कामगाराचा हा मुलगा शाळा सोडून ला कोरुन्या या बंदराच्या गावी एका सदऱ्यांच्या दुकानात नोकरीला लागला. १९६३ मध्ये त्यांनी कपडे शिवण्याचा स्वतःचा कारखाना काढला. त्याचे नाव होते ‘गोआ’! आपल्या गोव्याशी त्याचा काही संबंध नाही बरे का. अमान्सिओ ओर्तेगा गाओना या पूर्ण नावाची आद्याक्षरे त्यांनी उलट्या क्रमाने लिहिली, इतकेच. १९७५ मध्ये त्याच गावात ‘झारा’ हे त्यांचे पहिले दुकान उघडले.

ओर्तेगा यांचा विचार साधा होता. काय खपेल हे सहा महिने आधी ओळखता येत नाही, तर ओळखायचेच कशाला? आधी थोडे शिवावे, दुकानात मांडावे, लोक काय उचलतात ते पाहावे आणि तेच झटपट पुन्हा शिवावे. त्यासाठी कापड बरेचसे न रंगवताच घेऊन ठेवायचे, म्हणजे रंग शेवटच्या घटकेला ठरवता येतो. कापड बेतायचे ते संगणकाच्या साहाय्याने स्वतःच्या कारखान्यात. शिलाई आसपासच्या खेड्यांतील छोट्या कार्यशाळांतून, जिथे मुख्यतः बायका काम करत. आशियातून मजुरी स्वस्त पडली असती, पण बोटीने माल येईपर्यंत हंगाम उलटला असता. नवा नमुना कागदावर उतरल्यापासून दोन-तीन आठवड्यांत दुकानात लागू लागला आणि प्रत्येक दुकानाला आठवड्यातून दोनदा ताजा माल मिळू लागला.

एवढ्या धांदलीच्या कारभारामागे अत्याधुनिक संगणक असतील, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात २००३ साली हार्वर्डच्या अभ्यासकांनी पाहिले तेव्हा झाराच्या दुकानांतील विक्री नोंदवणारी यंत्रे ‘डॉस’वर चालत होती. ही प्रणाली तयार करणाऱ्या कंपनीनेच तोवर तिची साथ सोडली होती. एकाच दुकानातील दोन यंत्रेसुद्धा एकमेकांना जोडलेली नव्हती. रात्री दुकान बंद झाले की कोणीतरी फ्लॉपी घेऊन एकेका यंत्रातली दिवसाची विक्री उतरवून घेई आणि मोडेम असलेल्या यंत्रावरून ती मुख्य कार्यालयाला पाठवी. आपल्या दुकानात कोणता कपडा किती शिल्लक आहे, हेही पडद्यावर दिसत नसे. फिरून मोजावे लागे!

मग गाडे चालत होते कशावर? दुकानाच्या व्यवस्थापकावर. आठवड्यातून दोनदा त्याच्या हातातल्या छोट्या संगणकावर उपलब्ध कपड्यांची चित्रांसह यादी येई. काय किती हवे, हे तो दुकानात चक्कर मारून, विक्रेत्या मुलींना विचारून ठरवी. मुख्य कार्यालय त्याला माल लादत नसे. शिवाय त्याला फोनवर विचारले जाई, लोक काय मागतात, काय घालून बघतात आणि परत टाकतात. विक्रीच्या आकड्यात फक्त विकलेल्याची नोंद असते. न विकलेल्याचे कारण माणसालाच सांगावे लागते. हे कारण दुसऱ्या आठवड्यात नमुना काढणाऱ्याच्या टेबलावर पोचत असे. इतर कंपन्यांकडे माहिती याहून पुष्कळ होती. ती वापरायला त्यांना पुढचा हंगाम उजाडावा लागे.

माणसावर भिस्त ठेवली की माणसाच्या खोडीही आल्याच. आपल्याकडे शंभर हवे असतील तर दोनशे मागण्याची रीत आहे. झाराचे व्यवस्थापकही तेच करत. चलती असलेला माल कमी पडणार हे ठाऊक असल्याने मागणी फुगवून पाठवत. दुकाने शे-दोनशे होती तोवर हे निभावले. ती हजारावर गेली तेव्हा कोणाची मागणी खरी आणि कोणाची फुगवलेली, हे मुख्य कार्यालयात बसून ओळखणे अशक्य झाले.

तेव्हा कंपनीने दोन प्राध्यापकांची मदत घेतली : कॅलिफोर्निया विद्यापीठाचे फेलिपे कारो आणि एमआयटीचे जेरेमी गॅलिएन. त्यांना दुकानांत एक मजेदार रीत आढळली. एखाद्या सदऱ्याचे मधले माप संपले की विक्रेते उरलेली लहान-मोठी मापेही मांडणीवरून काढून आत नेऊन ठेवत. आवडलेला कपडा आपल्या मापाचा नाही, हे कळले की गिऱ्हाईक हिरमुसते, म्हणून. याचा अर्थ असा, की मधले माप नसलेल्या दुकानाला लहान मापाचे आणखी चार सदरे पाठवणे म्हणजे ते माळ्यावर टाकणे. तेच चार सदरे दुसरीकडे विकले गेले असते. ही दुकानातली रीत त्यांनी गणितात बसवली. व्यवस्थापकाची मागणी त्यांनी रद्द केली नाही; ती, आधीची विक्री आणि मापांचा हा हिशेब एकत्र करून माल वाटण्याची पद्धत तयार केली. तिच्या चाचणीत विक्री तीन ते चार टक्क्यांनी वाढली. तीन टक्के ऐकायला किरकोळ वाटतात, पण २००७ मध्ये झाराची विक्री सहा अब्ज युरोंहून अधिक होती. तीन टक्के म्हणजे अठरा कोटी युरो, आणि तेही एक सदरा जास्त न शिवता! मला या सगळ्या कहाणीत हाच भाग सर्वांत मोलाचा वाटतो.

पुढे अर्थात यंत्रे बदलली. २०१४ पासून कपड्याला लावलेल्या चिपमुळे कोणता नग कुठे आहे, हे न मोजता कळू लागले. भारतात झारा २०१० मध्ये दिल्लीला आले, टाटांच्या ‘ट्रेंट’शी भागीदारी करून. तो माल मध्यमवर्गाला महागच पडला. त्याच ट्रेंटने २०१६ मध्ये काढलेल्या स्वस्तातल्या ‘झुडिओ’ची दुकाने मार्च २०२४ अखेर पाचशेवर गेली होती. झाराची पंचविशीसुद्धा गाठलेली नव्हती.

आता या शर्यतीत दुकान आणि त्याचा व्यवस्थापक दोघांनाही वगळणारा भिडू उतरला आहे. मूळच्या चीनच्या ‘शीन’ला दुकानच नको. फोनवरच्या कोणत्या चित्रापाशी लोक थांबतात, हे पाहून ती एकेका नमुन्याचे शंभर-दोनशे नग शिवून घेते आणि जो चालेल तो वाढवते. ओर्तेगांचीच युक्ती, पण विक्रेत्या मुलीला न विचारता. हा वेग कोणाच्या तरी पाठीवर असतो. ‘पब्लिक आय’ या स्विस संस्थेने २०२१ मध्ये ग्वांगझूच्या काही कार्यशाळांत पाहिले, तर तिथले कामगार आठवड्याला ७५ तास शिवत बसलेले होते.

भारताने २०२० मध्ये बंदी घातलेली शीन फेब्रुवारी २०२५ मध्ये रिलायन्समार्फत परत आली. या वेळी कपडे भारतातच शिवून घ्यायचे, असे ठरले आहे. म्हणजे शंभर-दोनशे नगांची ऑर्डर चार दिवसांत उरकून देणारे कारखाने आता इथे शोधले जाणार. तिथे मशीनवर बसणाऱ्या बायकांचे आठवड्याचे तास किती भरतात, हे मोजण्याचे काम अजून कोणत्या संगणकाकडे दिल्याचे माझ्या तरी वाचनात नाही.