कच्च्या अडत्याला भीती कशाला?



‘वर्षात 1 कोटीचा माल हातून गेला की प्रत्येक अडत्याला टॅक्स ऑडिट सक्तीचे’, हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे विधान चूक आहे. त्यामुळे उमरीच्या मोंढ्यातील लहान अडत्यांना नाहक धास्ती बसते, म्हणून हे उत्तर.

केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाच्या 17 मार्च 1986 च्या परिपत्रक क्र. 452 नुसार दुसऱ्याच्या वतीने माल विकणाऱ्या कच्च्या अडत्याची उलाढाल म्हणजे त्याची अडत, म्हणजेच दलाली. मालाची किंमत त्यात धरत नाहीत. पक्का अडत्या स्वतःच्या जोखमीवर व्यवहार करतो, त्याची मात्र पूर्ण विक्री मोजली जाते. आपण कोणत्या गटात बसतो, हे आधी सनदी लेखापालाकडून ठरवून घ्यावे.

रोखीबद्दलही पत्रलेखकांनी अर्धेच सांगितले. एकाला एका दिवसात 10 हजारांहून अधिक रोख दिल्यास तो खर्च नामंजूर होतो, हे खरे. पण माल पिकवणाऱ्या शेतकऱ्यालाच पैसे दिले तर सूट आहे. दुसऱ्या व्यापाऱ्याकडून सोयाबीन घेतले तर ती नाही. ऑडिटमध्ये माणसे अडकतात ती इथेच, कारण पट्टीवर शेतकऱ्याचे नाव-गाव नसते, सही नसते. ती सही पैसे देतानाच घ्या; ऑडिटच्या वेळी, सप्टेंबरात, शेतकरी शोधत फिरू नका.

— एक वाचक, उमरी (जि. नांदेड)