विहिरीचेही पासबुक हवे

खात्यात आज किती शिल्लक आहे, एवढे पाहून माणसाची आर्थिक प्रकृती कळत नाही. त्यासाठी दहा-वीस वर्षांचा उतारा चाळावा लागतो. बँकेच्या नोकरीत अंगवळणी पडलेली ही गोष्ट विहिरीच्या पाण्यालाही तितकीच लागू आहे.

पीककर्जात खताचा आणि औषधाचा वाटा आम्ही धरत असू. कर्ज फिटले की खाते बंद होई. जमिनीखालचे खाते मात्र चालूच राहते. पिकाने न उचललेले नत्र नायट्रेट होऊन पावसाबरोबर खाली झिरपते आणि काळ्या खडकाच्या भेगांतून विहिरीत पोचते. काही तणनाशके तर फारच चिवट. जर्मनीने ॲट्राझिनवर १९९१ मध्ये बंदी घातली. पुढे कित्येक वर्षे त्याचे अवशेष तिथल्या भूजलात सापडत राहिले. हे उमगले, कारण तिथे पाण्याची तपासणी वर्षानुवर्षे चालू राहिली.

आपल्याकडे काहीच होत नाही, असे नाही. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालात देशातील सुमारे २० टक्के नमुन्यांत नायट्रेट लिटरमागे ४५ मिलिग्रॅमची मर्यादा ओलांडून गेलेले आढळले. त्यात ठळकपणे नाव आलेल्या जिल्ह्यांत वर्धा, बुलढाणा, अमरावती, यवतमाळ आहेत. नायट्रेटला रंग नाही, वास नाही. पाणी उकळून ते जात नाही, उलट पाणी आटून त्याचे प्रमाण वाढते. अशा पाण्यात कालवलेले दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती घटू शकते.

यावर लगेच शेतकऱ्याकडे बोट दाखवले जाते. पण नायट्रेट सांडपाण्यातून येते, उकिरड्यातूनही येते. दोष कुणाचा किती, हे एका बाटलीभर नमुन्यावरून ठरत नाही. म्हणूनच दीर्घकाळची नोंद शेतकऱ्याच्याही हिताची आहे.

प्रत्येक तालुक्यात काही विहिरी कायमच्या ठरवाव्यात. पावसाळ्याआधी आणि नंतर, दरवर्षी त्याच महिन्यांत, नायट्रेटबरोबर त्या भागात खपणारी कीटकनाशके व तणनाशकेही तपासावीत. आकडे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर सोप्या मराठीत लागावेत. खर्च येईल, हे खरे. पण खर्च वाचवण्यासाठी हिशेबतपासणी बंद करणाऱ्या बँकेत तुम्ही आपले पैसे ठेवाल काय?

नातवंडांच्या नावे आपण हौसेने ठेवी ठेवतो. त्यांच्या नावे जमिनीखाली काय जमा होत आहे, तेही एकदा नीट लिहून ठेवू या.