डीपी जळाली म्हणे!

परवा कॅन्टीनमध्ये नेहमीचा विषय निघाला. मराठवाडा, दुष्काळ, मग शेतकऱ्यांची वीज. आमच्या टीममधला एक मित्र (चांगला मुलगा आहे, कोड तर झकास लिहितो) म्हणाला, "अरे, हे लोक आकडे टाकतात, डीपी जाळतात आणि मग रस्त्यावर बसतात. पंपाचं बिल तर आता भरायचंही नाहीये." पाच मिनिटांवर मीटिंग होती म्हणून मी गप्प बसलो. पण घास काही गोड लागला नाही. हा शनिवार त्या उत्तरासाठी.

आधी गाव सांगतो. मी शिरूर अनंतपाळ तालुक्यातला. शिरूर म्हटलं की पुणेकर घोडनदीचं शिरूर समजतात, आणि लातूर जिल्हा असं सांगितलं की कुणीतरी शिरूर ताजबंद समजतो. आमचं तिसरंच. घरणी आणि साकोळ हे दोन मध्यम प्रकल्प आमच्याच तालुक्यात आहेत, त्यामुळे बऱ्या पावसाच्या वर्षी रब्बीला थोडंफार पाणी असतं. म्हणजे विहिरीत पाणी आहे, शेतात हरभरा आहे, आणि मधे आहे डीपी. पेपरवाले तिला 'रोहित्र' म्हणतात. गावात हा शब्द मी आजतागायत एकाही माणसाच्या तोंडून ऐकलेला नाही. खरं तर डीपी म्हणजे दोन खांबांचा तो सांगाडा, डबल पोल. पण आमच्याकडे ट्रान्सफॉर्मरचंच नाव डीपी पडलंय आणि ती स्त्रीलिंगी आहे, म्हणून ती 'जळते'.

या 'जळाली'वरच माझा पहिला आक्षेप आहे. जळाली म्हटलं की कर्ता गायब. जणू वीज पडली, गारा पडल्या, तशी डीपी जळाली! ट्रान्सफॉर्मरमध्ये फिरणारा एकही भाग नसतो. लोखंडी पत्र्यांचा गाभा, त्यावर कागद गुंडाळलेल्या तारेची दोन वेटोळी आणि भोवती तेल. एका वेटोळ्यातून बदलता प्रवाह गेला की गाभ्यातलं चुंबकत्व बदलतं आणि त्याने दुसऱ्या वेटोळ्यात व्होल्टेज तयार होतं. फॅरेडेने १८३१ साली हे दाखवलं आणि १८८५ साली बुडापेस्टच्या तिघा इंजिनिअरांनी त्याचं कामाला येणारं यंत्र केलं. इतकं जुनं आणि इतकं साधं यंत्र नीट ठेवलं तर पंचवीस वर्षं आरामात चालतं. ते नऊ दिवसांत मेलं तर त्याला कुणीतरी मारलेलं असतं.

नऊ दिवस हा आकडा हवेतला नाही.

दोन वर्षांपूर्वीच्या रब्बीत आमच्या शिवारातली डीपी गेली. ६३ केव्हीएची. एका पंपामागे तीनशे रुपये वर्गणी काढून लोकांनी ट्रॅक्टर केला, जुनी नेऊन टाकली आणि दुरुस्त केलेली घेऊन आले. (कुठून आणली, कुणी दुरुस्त केली, त्यांची नावं घेत नाही. एका नावावर ढकलून सगळे मोकळे होतात आणि मूळ मुद्दा राहून जातो.) मी त्या वीकेंडला गावीच होतो. पॉलिटेक्निकचा एक मित्र ट्रान्सफॉर्मर टेस्टिंगच्याच कामात आहे, तो मेगर घेऊन आला होता. म्हटलं, वर चढवायच्या आधी ट्रॉलीतच बघू.

मेगर म्हणजे इन्सुलेशन किती शाबूत आहे ते मोजायचं यंत्र. ११ केव्हीच्या बाजूला २५०० व्होल्ट डीसी लावायचे, ४३३ व्होल्टच्या बाजूला ५०० किंवा १०००, आणि तीन जोड्या बघायच्या: हायटेन्शन ते टाकी, लोटेन्शन ते टाकी, आणि दोन्ही वेटोळी एकमेकांत. धडधाकट ट्रान्सफॉर्मर शेकड्यांत मेगओहम दाखवतो. आमच्या 'दुरुस्त' डीपीने हायटेन्शनला १८ दाखवले आणि लोटेन्शनला ४. हिवाळ्यातली सकाळ होती, तेव्हा उन्हाने तापली म्हणून रीडिंग पडलं, ही सबबही नाही.

मित्र म्हणाला, ओली आहे. दुरुस्तीत नवी वेटोळी भरल्यावर ती भट्टीत नीट वाळवावी लागतात, कारण कागद हवेतलं पाणी पितो. घाईत ती पायरी उडवली की टाकी बंद करून रंग मारल्यावर बाहेरून काही कळत नाही. मग त्याने तेलाचा नमुना काढून एका डबीत तापवला. तडतड! फोडणीत ओला कढीपत्ता पडावा तशी. तेलात पाणी आहे हे ओळखायची ही फार जुनी युक्ती आहे. नीट करायचं तर तेलाची बीडीव्ही टेस्ट असते. दोन गोळ्यांमध्ये अडीच मिलिमीटर फट ठेवायची आणि किती व्होल्टेजला ठिणगी उडते ते बघायचं. नवं, न गाळलेलं तेलसुद्धा ३० केव्हीपर्यंत टिकलं पाहिजे. आमच्या तेलाची ती टेस्ट झाली नाही. गरजच नव्हती.

मी शहाणपणाने म्हणालो, "ही चढवू नका, परत पाठवा."

नाना (माझे चुलते) ट्रॉलीच्या फाळक्याला टेकून उभे होते. म्हणाले, "बाळा, तुझं मीटर खरंय. पण हरभरा वाळायलाय. परत पाठवली की पुन्हा आठ दिस. तू जाशील सोमवारी पुण्याला."

यावर काय बोलणार? हरभरा फुलोऱ्यात होता. एक पाणी चुकलं की अर्धा उतारा गेला. डीपी चढली, चालू झाली, लोकांनी नारळ फोडला. नवव्या दिवशी नानांचा फोन आला. फार बोलले नाहीत, "गेली" एवढंच म्हणाले.

आता माझ्या मित्राच्या मुद्द्याकडे येतो, कारण त्यात तथ्य आहे आणि ते लपवायचं मला कारण नाही. ६३ केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर लोटेन्शनला ८४ अँपिअर द्यायला बनवलेला असतो. पाच एचपीची मोटर चांगल्या व्होल्टेजला सात-आठ अँपिअर घेते, म्हणजे फार तर अकरा मोटरी. आमच्या डीपीवर एकोणीस आहेत, त्यातल्या काही आकड्यावरच्या. त्यात प्रत्येकाने ऑटोस्विच बसवलेला. लाइन पाळीने येते, कधी रात्री येते, मग रात्री दोनला उठून कोण जाणार? लाइन आली रे आली की एकोणीस मोटरी एका क्षणात सुरू होतात आणि प्रत्येक मोटर सुरू होताना चालू लोडच्या पाचसहा पट करंट ओढते. सर्व्हर रीस्टार्ट झाल्यावर सगळे क्लायंट एकदम तुटून पडतात, तेच हे. आपण तिथे रँडम डिले टाकतो. ऑटोस्विचलाही टायमर लावता येतो, पण लावत कुणी नाही. आणि फ्यूज? किटकॅटमध्ये फ्यूज तारेऐवजी अॅल्युमिनियम कंडक्टरचा पदर घातलेला मी स्वतः पाहिलाय. म्हणजे जो मरायला ठेवलाय तो अमर आणि ज्याला वाचवायचं तो मेला. हा गुन्हा आमचाच आहे, नानांचासुद्धा.

पण गड्या, ओव्हरलोडने ट्रान्सफॉर्मर असा मरत नाही. ओव्हरलोडने तो तापतो, आणि तापमान दर सहा अंशांनी वाढलं की कागदाचं म्हातारपण दुपटीने धावतं. पंचवीस वर्षांचं यंत्र पाचसात वर्षांत जाईल. नऊ दिवसांत जातं ते आधीच ओलं, अर्धमेलं आलेलं. अशा वेटोळ्यात दोन वेढ्यांमधला कागद फुटला की तो एक वेढा स्वतःपुरताच शॉर्ट सर्किट होतो, गाभ्यातल्या चुंबकत्वावर फुकट प्रचंड करंट फिरवतो आणि आजूबाजूचे वेढे जाळत सुटतो. बाहेरच्या फ्यूजला बराच वेळ पत्ताही लागत नाही.

हे आधी कळू शकतं का? शंभर टक्के. वेढ्यांचं गुणोत्तर मोजायचं. आमच्या डेल्टा-स्टार डीपीत एका फेजला ११००० भागिले २५०, म्हणजे बरोबर ४४ यायला हवेत, तिन्ही फेजला. एखादा कमीजास्त आला की वेढे शॉर्ट आहेत किंवा दुरुस्तीवाल्याने मोजताना झोप काढली. त्यासाठी टीटीआर मीटर मिळतो. तो नसेल तर वर्कशॉपमध्ये हायटेन्शनच्या बाजूला साधी ४१५ व्होल्टची थ्री-फेज द्यायची, लोटेन्शनला दोन फेजमध्ये साधारण १६ व्होल्ट आणि फेज-न्यूट्रलला साडेनऊच्या आसपास मिळाले पाहिजेत. साधा मल्टिमीटर पुरतो. (उलट बाजूने हा प्रयोग कुणीही, कधीही करू नका. लोटेन्शनला ४१५ दिले तर वर अकरा हजारच्या आसपास उभे राहतात आणि तुम्ही आडवे होता. आणि खांबावरच्या डीपीला तर लाइनमनशिवाय हात लावायचाच नाही. आम्ही जे केलं ते ट्रॉलीत, कशालाही न जोडलेल्या ट्रान्सफॉर्मरवर केलं.)

म्हणजे मेगर, गुणोत्तर, तेल. तिन्ही मिळून तासाभराचं काम. नव्या ट्रान्सफॉर्मरला कारखान्यात यापेक्षा कितीतरी जास्त टेस्ट द्याव्या लागतात. आयएस ११८० हे मानक त्यासाठीच आहे आणि २०१५ च्या सरकारी आदेशाने ते सक्तीचं झालं. दुरुस्त केलेल्यालाही टेस्ट करूनच पाठवायचं, असं कागदावर असेलही. तो कागद आमच्या शिवारात कुणी पाहिलेला नाही.

असं का होतं, याचं माझं उत्तर आपल्याच धंद्यातून आलंय. वीज कायदा २००३ च्या कलम ५७ खाली ग्राहकसेवेची कृतिमानकं ठरतात आणि महाराष्ट्रात ग्रामीण भागातला निकामी ट्रान्सफॉर्मर बदलायला ४८ तासांची मुदत आहे. चांगला नियम आहे, तो काढा असं मी म्हणणार नाही. पण हे घड्याळ मोजतं काय? बदलला की नाही, एवढंच. किती टिकला ते मोजत नाही. सपोर्टमध्ये काम केलेल्या प्रत्येकाला हे दुखणं ठाऊक आहे. एसएलए वाचवायला तिकीट क्लोज करायचं, बग तसाच, नऊ दिवसांनी नवं तिकीट. रिपोर्टमध्ये दोन्ही वेळा हिरवा रंग! टेस्ट न करता प्रॉडक्शनला कोड टाकला तर आमचा मॅनेजर पोरांना फाडून खातो. आणि एकोणीस घरांचा हंगाम ज्यावर उभा आहे ते यंत्र नुसत्या रंगावर पास.

आमच्या ऑफिसच्या आवारातही ट्रान्सफॉर्मर आहे. मित्रा, कधीतरी लंच झाल्यावर मागे चक्कर मार. जाळीवर लॅमिनेट केलेला तक्ता आहे: तेलाची टेस्ट कधी झाली, मेगर किती, अर्थिंग किती ओहम, खाली सही. ब्रीदरमधली सिलिका जेल निळीशार. हवेतलं पाणी पिऊन ती गुलाबी होते, तशी झाली की दोन दिवसांत बदलतात. आमच्या डीपीच्या ब्रीदरची काचच फुटलेली होती. अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळ्यात काळ्या मातीला इतक्या भेगा पडतात की हात जाईल. न्यूट्रल तुटला की सिंगल फेजवालं जे काही जोडलेलं असेल ते गेलंच.

म्हणून माझी मागणी मोठी योजना वगैरे नाही. योजना भरपूर झाल्या. २०१८ ला एका-दोन शेतकऱ्यांना एक ट्रान्सफॉर्मर देणारी एचव्हीडीएस आली, २०२४ पासून साडेसात एचपीपर्यंतच्या पंपांना बिल माफ आहे, सौर कृषी वाहिनीतून दिवसा वीज द्यायचं काम चालू आहे. सगळं मान्य. पण सौर वाहिनीची वीजसुद्धा शेवटी त्याच डीपीतून उतरते. मला हवाय तो तसाच एक तक्ता. बसवायच्या आधी, डीपीवरच्या दोन शेतकऱ्यांसमोर मेगर आणि गुणोत्तर मोजायचं, आकडे लिहायचे, टेस्ट करणाऱ्याने नाव घालून सही करायची आणि खांबावर लटकवायचं. आकडा खराब आला तर ती डीपी उतरवून घ्यायचीच नाही आणि ४८ तासांचं घड्याळ चालूच राहील. बस. आणि आमच्या बाजूने फ्यूजमध्ये फ्यूजचीच तार, आणि ऑटोस्विचला टायमर, प्रत्येकाचा वेगळा.

नऊ दिवसांनंतर जी दुसरी आली तिचं काय, हे राहिलंच. त्या वेळी लोकांनी स्वतःहून मित्राला फोन केला. हायटेन्शनला ६०० मेगओहम, लोटेन्शनला ३५०, गुणोत्तर तिन्ही फेजला ४४. चढवली. अजून चालू आहे. एका डीपीवरून सिद्धांत होत नाही हे मलाही कळतं, म्हणून तर आकडे लिहून ठेवा म्हणतोय. टायमर मात्र एकोणीसपैकी सहाच जणांनी लावलेत. नानांनी अजून लावलेला नाही. म्हणतात, "शेजाऱ्याची मोटर आधी चालू झाली की माझ्या वाट्याला काय येतंय?" त्यावर भांडण चालू आहे.

पुढच्या शुक्रवारी रात्री पुन्हा निघतोय. मित्र अर्थ टेस्टर घेऊन येणार आहे, शेजारच्या शिवारातल्या दोन डीपींचं अर्थिंग मोजायचंय. लाइनमन यायला तयार झालाय. गाडीत दोन जागा रिकाम्या आहेत. कॅन्टीनवाल्या मित्रा, त्यातली एक तुझ्यासाठी धरून ठेवलीय.