बायबरीच्या कॉटेज जपल्या, मग परभणीची माळवदं का पाडायची?

इंग्लंडमधल्या बायबरी गावातली 'आर्लिंग्टन रो' फोटोत अनेकांनी पाहिली असेल. १३८०च्या सुमारास बांधलेलं मठाचं लोकरीचं कोठार. १७व्या शतकात त्यात विणकरांची घरं झाली. भिंती आणि छप्पर, दोन्ही स्थानिक दगडाचं.

परभणी जिल्ह्यातलं माळवदही जवळच्या सामानाचंच. लाकडी तुळया, त्यावर किलचन, वर पांढऱ्या मातीचा जाड थर. मे महिन्यात पारा ४२च्या पुढे गेला तरी आत दुपारची झोप लागते. पत्र्याखाली बसून पाहा!

भीती मात्र खोटी नाही. ३० सप्टेंबर १९९३च्या किल्लारी भूकंपात मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि जड माळवदं कोसळून हजारो माणसं दगावली. पण त्यानंतर सरकारनेच घरं मजबूत करायला अनुदान दिलं होतं. भिंतीत आरपार दगड बसवायचे, छतावरची माती कमी करायची. अवघड काही नाही.

आज ग्रामीण घरकुल योजनेत नव्या पक्क्या घराला पैसे मिळतात, माळवदाच्या दुरुस्तीला नाही. मग धडधाकट माळवदही पाडलं जाणारच. दुरुस्तीचा पर्याय त्याच अर्जात द्यायला काय हरकत आहे?