वारस, नकलकार आणि संहिता : एका युद्धकादंबरीच्या निमित्ताने

मरणोत्तर प्रकाशित झालेल्या कादंबरीचा विचार करताना आपण लेखक, संहिता आणि वाचक या तीन घटकांभोवती फिरत राहतो. त्यांच्यामध्ये उभा असलेला चौथा घटक, म्हणजे लेखकाचे कुटुंब, आपल्याला बहुधा ऋणनिर्देशाच्या पानावर भेटतो आणि तेथेच त्याचा निरोप घेतला जातो. ‘कागदपत्रे उपलब्ध करून दिल्याबद्दल आभार’ या ठराविक वाक्यामागे कोणते कागद कोणी, किती वर्षे आणि कोणत्या क्रमाने सांभाळले, त्यांची नक्कल कोणी केली, काय दाखवले आणि काय दाखवले नाही, हे सारे झाकले जाते. कुटुंबीय हे हस्तलिखिताचे केवळ रखवालदार नसतात. ते त्याचे पहिले वाचक आणि पुष्कळदा पहिले संपादक असतात. म्हणून त्यांच्या हाताची चिकित्सा संहितेच्या चिकित्सेइतकीच काटेकोरपणे व्हावयास हवी, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. युद्धकादंबरीच्या बाबतीत ही गरज अधिक तीव्र होते, कारण तेथे वारस हा अनेकदा त्याच युद्धाचा साक्षीदार किंवा बळी असतो.

या संदर्भात इरेन नेमिरोव्स्की या लेखिकेचे उदाहरण सविस्तर पाहण्याजोगे आहे. १९०३ मध्ये कीव्ह येथे जन्मलेली ही ज्यू लेखिका फ्रान्समध्ये स्थायिक झाली आणि १९२९ मधील ‘दाव्हिद गोल्डेर’ या कादंबरीने प्रसिद्धीस आली. जर्मन आक्रमणानंतर तिने बुर्गुंडी प्रांतातील इसी-लेवेक या गावी आश्रय घेतला आणि १९४० चे पलायन व त्यानंतरचा जर्मन अंमल या विषयावर पाच भागांची एक विशाल कादंबरी लिहावयास घेतली. त्यांपैकी दोनच भाग लिहून झाले. १३ जुलै १९४२ रोजी फ्रेंच पोलिसांनी तिला अटक केली. चारच दिवसांनी तिची रवानगी आउशविट्झच्या छळछावणीकडे झाली आणि १७ ऑगस्ट १९४२ रोजी, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी, ती तेथे मृत्यू पावली. पती मिशेल एप्स्टीन यांनाही त्याच वर्षी तिकडे पाठवून ठार करण्यात आले. मागे राहिल्या त्या दोन मुली आणि एक पेटी. युद्ध संपेपर्यंत मुलींना लपूनछपून राहावे लागले, आणि पेटी त्यांच्याबरोबर फिरत राहिली. त्या पेटीतील वहीत ‘स्वीत फ्रांसेज’ ही कादंबरी होती. ती २००४ मध्ये देनोएल या प्रकाशनसंस्थेने प्रसिद्ध केली आणि त्याच वर्षी तिला रनोदो पारितोषिक मिळाले. मृत लेखकाला हे पारितोषिक मिळण्याचा तो पहिलाच प्रसंग होता.

एवढी कथा आता सर्वपरिचित आहे. वृत्तपत्रांनी ती आवडीने सांगितली, आणि पेटी हे तिचे मुख्य पात्र होऊन बसले. माझ्या मते अभ्यासकाने पेटीपेक्षा त्या दोन मुलींकडे पाहावे. आईला नेले तेव्हा थोरली देनीज बारा वर्षांची होती, धाकटी एलिझाबेथ पाच वर्षांची. थोरलीजवळ आठवणी होत्या. धाकटीजवळ त्या जवळजवळ नव्हत्या. आईचा वारसा त्या दोघींनी ज्या दोन भिन्न रीतींनी पुढे नेला, त्यांचे मूळ या सात-आठ वर्षांच्या अंतरात शोधता येईल.

देनीज एप्स्टीन यांनी नक्कल केली. कागद आणि शाई यांच्या टंचाईमुळे नेमिरोव्स्कीने अतिशय बारीक अक्षरात लिहिले होते. ते अक्षर भिंगाखाली धरून लावणे आणि ओळ न् ओळ उतरून काढणे हे काम मुलीने केले. नकलकाराचे काम यांत्रिक असते, असा आपला एक समज आहे. पोथ्यांच्या पाठचिकित्सेचा थोडाफार अनुभव असणाऱ्या कोणालाही तो मान्य होणार नाही. न लागणारा शब्द कोणता मानावयाचा, खोडलेले वाक्य घ्यावयाचे की सोडावयाचे, समासातील टिपण संहितेचे की लेखिकेच्या स्वतःशी चाललेल्या संवादाचे, हे निर्णय नकलकारालाच घ्यावे लागतात. येथे तर नकलकार कादंबरीच्या भूमीत राहून आलेली होती. दुसऱ्या भागातील बुस्सी या गावामागे इसी-लेवेक आहे, आणि त्या गावातील जर्मन सैनिक देनीजने बालपणी स्वतः पाहिले होते. अशा वाचकाला अस्पष्ट अक्षर स्मरणाच्या आधारे लावता येते. हे तिचे सामर्थ्य होय, आणि चिकित्सकाने सावध व्हावे असे स्थळही तेच.

एलिझाबेथ जील यांची रीत वेगळी. त्या स्वतः प्रकाशनव्यवसायात होत्या, अनुवादक होत्या. १९९२ मध्ये, म्हणजे ‘स्वीत फ्रांसेज’ प्रसिद्ध होण्याच्या बारा वर्षे आधी, त्यांनी ‘ल मिरादोर’ हे पुस्तक लिहिले. ते आईच्या कल्पिलेल्या आठवणींचे पुस्तक असून त्यात आई प्रथमपुरुषी निवेदन करते. मध्येमध्ये पोरक्या मुलीच्या आयुष्यातील लहानलहान प्रसंग येतात. ज्या आईचा आवाज आठवत नाही तिला स्वतःचा आवाज देण्याचा हा प्रयत्न आहे, परंतु त्यात भाबडी भक्ती नाही. आईला समोरचे संकट का दिसले नाही, ती वेळीच फ्रान्स सोडून का गेली नाही, हे प्रश्न मुलगी आईच्याच तोंडून आईला विचारते. एलिझाबेथ १९९६ मध्ये निवर्तल्या; आईच्या कादंबरीचे यश त्यांनी पाहिले नाही. वारसा म्हणजे मूळ अक्षराचे रक्षण, असे म्हणणाऱ्यांनी हे पुस्तक अवश्य वाचावे. ज्याच्यापाशी अक्षराखेरीज काहीच नाही त्याला कधीकधी कल्पनेचाच आधार घ्यावा लागतो. या पुस्तकात तो उघडपणे घेतलेला असल्याने त्याविषयी कोणाची फसवणूक होत नाही.

या उघडपणाला मी फार महत्त्व देतो. नेमिरोव्स्कीच्या बाबतीत लपवण्याजोगे पुष्कळ होते. तिच्या कादंबऱ्यांतील काही ज्यू पात्रांची चित्रणे आज वाचताना अस्वस्थ करतात; ज्यूद्वेष्ट्या मजकुरासाठी कुप्रसिद्ध असलेल्या ‘ग्रँग्वार’ या नियतकालिकात तिने लेखन केले होते; १९३९ मध्ये कुटुंबाने कॅथलिक धर्म स्वीकारला होता. पत्नीच्या अटकेनंतर मिशेल यांनी जर्मन राजदूत ओट्टो आबेट्झ यांना लिहिलेल्या पत्रात, तिच्या लेखनात ज्यूंविषयी जिव्हाळा आढळत नाही, असा युक्तिवाद केला होता. हताश पतीचे ते पत्र कोणत्याही वारसाने बाजूला ठेवले असते तर त्याला दोष देणे कठीण गेले असते. ते २००४ च्या आवृत्तीच्या परिशिष्टात छापलेले आहे. पुढे या लेखिकेविषयी जो कडवा वाद झाला, अमेरिकेत रूथ फ्रँकलिन यांनी जी कठोर टीका केली आणि सूझन सुलेमान यांनी २०१६ मधील ग्रंथात त्या प्रश्नाची जी साक्षेपी मांडणी केली, त्या चर्चेला लागणारी सामग्री कुटुंबाने आपल्या हाताने वाचकांपुढे ठेवली होती.

असे असूनही संहितेचा प्रश्न संपला नाही. आपल्या मुद्द्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट येथेच आहे. देनीज यांनी जी नक्कल केली ती हस्तलिखित वहीची. परंतु पहिल्या भागाची एक टंकलिखित प्रतही होती. ती मिशेल यांनी तयार केली होती आणि तीवर लेखिकेच्या हातच्या दुरुस्त्या होत्या. म्हणजे लेखिका हस्तलिखिताच्या पुढे गेलेली होती. या दुसऱ्या पाठावर आधारलेली आवृत्ती २०२० मध्ये फ्रान्समध्ये निघाली. तोवर जगभर लाखो वाचकांनी वाचलेली, अनेक भाषांत अनुवादित झालेली, चित्रपटात रूपांतरित झालेली कादंबरी होती ती मुलीने उतरलेल्या आधीच्या पाठाची. कोणता पाठ ‘खरा’, हा प्रश्न मी येथे सोडवू इच्छीत नाही. तो बहुधा चुकीच्या पद्धतीने विचारलेला प्रश्न आहे. माझे म्हणणे इतकेच की, एक पाठ पतीच्या हातून आला आणि एक मुलीच्या हातून, आणि ‘लेखिकेची संहिता’ म्हणून आपण जे काही हाती धरतो ते या दोन हातांशिवाय अस्तित्वातच नाही.

कुटुंबाच्या घराबाहेर कागद जाणे का आवश्यक असते, तेही याच लेखिकेच्या दुसऱ्या पुस्तकावरून कळते. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘शालर द्यु सां’ या लघुकादंबरीची घरात केवळ सुरुवातीची पाने माहीत होती. उरलेला मजकूर चरित्रकार फिलिपोना आणि लियेनहार्ट यांना प्रकाशनविषयक कागदपत्रांच्या एका फ्रेंच संग्रहालयात सापडला. घरातील अर्धा भाग आणि संग्रहातील अर्धा भाग एकत्र आले तेव्हा पुस्तक उभे राहिले.

वारसाच्या हाताने संहिता आक्रसतेच असे नाही, हेही नोंदवावयास हवे. अमेरिकन युद्धकादंबरीकार जेम्स जोन्स यांची ‘फ्रॉम हिअर टु इटर्निटी’ १९५१ मध्ये छापली गेली तेव्हा सैनिकांच्या तोंडचे अनेक अपशब्द आणि समलिंगी संबंधांचे उल्लेख प्रकाशकाने गाळले होते. कन्या केली जोन्स यांच्या पुढाकाराने हा मजकूर २०११ च्या आवृत्तीत परत आला. येथे प्रकाशकाने कात्री चालवली होती आणि कुटुंबाने ती कापलेली जागा भरून काढली. जोन्स यांचे १९७७ मध्ये निधन झाले तेव्हा ‘व्हिसल’ ही कादंबरी अपुरी होती. तिची शेवटची प्रकरणे मित्र विली मॉरिस यांनी जोन्स यांच्या योजनेनुसार सारांशरूपाने दिली आणि ती आपण दिली आहेत हे पुस्तकातच सांगितले. तो सांधा वाचकाला दिसतो. हेमिंग्वे यांच्या ‘अ फेअरवेल टु आर्म्स’च्या २०१२ मधील आवृत्तीत तर नातू शॉन हेमिंग्वे यांनी शेवटाचे ४७ पर्याय छापून टाकले आहेत. इतके पर्याय सामान्य वाचकाला हवे असतात काय, हा प्रश्न वेगळा. अभ्यासकाला मात्र ते निश्चितच हवे असतात.

मराठीच्या अभ्यासकाला हा विषय परका वाटण्याचे कारण नाही. विश्राम बेडेकरांची १९३९ मधील ‘रणांगण’ आपण वर्गात शिकवतो. युरोपातून परतणाऱ्या बोटीवरील हेर्टा या ज्यू तरुणीच्या नशिबी पुढे काय आहे, हे लिहिताना बेडेकरांना ठाऊक असणे शक्य नव्हते. नेमिरोव्स्कीलाही युद्धाचा शेवट ठाऊक नव्हता. परिणाम माहीत नसताना लिहिल्या गेलेल्या या दोन कादंबऱ्या एकत्र वाचण्याजोग्या आहेत. कौटुंबिक संपादनाची परंपरा तर आपल्याकडे थोर आहे. युद्धकादंबरीचा संबंध नसला तरी टिळक घराण्याचे स्मरण येथे अपरिहार्य आहे. रेव्हरंड टिळक १९१९ मध्ये गेले तेव्हा ‘ख्रिस्तायन’ अपुरे राहिले होते. ते लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले. ‘स्मृतिचित्रे’ जन्माला आली ती वडिलांच्या चरित्रासाठी मुलगा देवदत्त आईच्या मागे लागला म्हणून. आणि पुढे नातू अशोक टिळक यांनी त्या ग्रंथाच्या संपादनाचे काम केले. या तीन पिढ्यांच्या हातांचा स्वतंत्र विचार आपल्या वाङ्मयेतिहासाने किती केला आहे?

उलट आपल्या प्रबंधलेखनात एक अलिखित देवघेव चालते. कुटुंब कागद दाखवते. संशोधक अडचणीच्या गोष्टींविषयी मौन बाळगतो. संशोधकाची बाजूही समजून घ्यावयास हवी, कारण कायदा त्याला फारसा आधार देत नाही. १९५७ च्या कायद्याप्रमाणे, मरणोत्तर प्रथम प्रकाशित झालेल्या साहित्यकृतीवरील हक्क त्या प्रकाशनापासून साठ वर्षे टिकतो, लेखकाच्या मृत्यूपासून नव्हे. अप्रकाशित लेखनाची अभ्यासासाठी प्रत करण्याची जी सवलत आहे, तीही लोकांना खुल्या असलेल्या ग्रंथालयात किंवा संग्रहालयात ठेवलेल्या लेखनापुरती, आणि लेखक ज्ञात असल्यास त्याच्या निधनानंतर साठ वर्षांनी. घरातील कपाटाला ती लागू नाही. त्या कपाटाची किल्ली सर्वस्वी वारसाच्या मर्जीची आहे, आणि ज्याच्या मर्जीवर पदवी अवलंबून आहे त्याची चिकित्सा विद्यार्थ्याने करावी, ही अपेक्षा एकट्या विद्यार्थ्यावर लादणे अन्यायाचे होईल.

ही जबाबदारी विभागांनी घ्यावयास हवी. सैन्यात राहिलेल्या, फाळणी पाहिलेल्या किंवा युद्धकाळात लिहिणाऱ्या लेखकाचे कागद घरात आहेत असे कळताच, कागद मागण्याच्या आधी घरातल्या माणसांची माहिती नोंदवून घ्यावी : वही कोणाकडून कोणाकडे आली, अक्षर लावणारे कोण होते, नक्कल केव्हा झाली, टंकलिखित प्रत कोणत्या टप्प्याची. कुटुंबाला काही पत्रे दाखवावयाची नसतील तर तो त्यांचा अधिकार आहे. मात्र ‘अमुक काळातील पत्रव्यवहार पाहता आला नाही’ हे वाक्य प्रबंधात छापण्यास त्यांची संमती आधीच घेता येते. एका पानाची ही नोंद ऋणनिर्देशात न घालता संहिताविचाराच्या पहिल्या प्रकरणात घालावी, आणि मार्गदर्शकाने तिच्याशिवाय प्रबंध पुढे पाठवू नये. अक्षर लावू शकणारी माणसे बहुधा सत्तरी ओलांडलेली असतात, त्यामुळे या कामाला पुढच्या शैक्षणिक वर्षाची वाट पाहता येणार नाही.