आधी वाच, मग रीस्टार्ट मार

आपल्या आयटीवाल्यांच्या धंद्यात एक वाक्य आहे, जे मी आजवर हजारदा तरी ऐकलं असेल. "अरे, एकदा रीस्टार्ट मारून बघ ना!" सर्व्हर स्लो आहे? रीस्टार्ट मार. सर्व्हर चालूच होत नाहीये? परत रीस्टार्ट मार. (जो मुळात स्टार्टच होत नाहीये त्याला री-स्टार्ट कसं करायचं, हे मला अजून कोणी समजावून सांगितलेलं नाही.. असो.)

आज या वाक्यावर मनसोक्त तोंडसुख घ्यायचं ठरवलंय. माझं म्हणणं साधं आहे. युनिक्सवर एखादा सर्व्हर प्रोग्रॅम चालू होत नाही तेव्हा बहुतेक वेळा तो का चालू होत नाहीये हे त्याने स्वतःच कुठेतरी लिहून ठेवलेलं असतं. आपण ते वाचत नाही. न वाचता इकडेतिकडे हात मारतो आणि त्याला ट्रबलशूटिंग म्हणतो. मंडळी, ते ट्रबलशूटिंग नव्हे. तो पुरावा नष्ट करणं आहे.

उगाच तत्त्वज्ञान झोडत नाहीये. घडलेली गोष्ट सांगतो.

२०११ साल. हिंजवडीतली एक कंपनी (नाव जाऊ दे), परदेशातला क्लायंट, रविवारची रात्र. लिनक्सवर पोस्टग्रेसचा डेटाबेस. संध्याकाळपासून तो अडकल्यासारखा झाला होता, म्हणून कोणीतरी त्याच्या मुख्य प्रोसेसला 'किल मायनस नाइन' देऊन मोकळं झालं. आता, पोस्टग्रेसच्या मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलंय की डेटाबेस बंद करायला हा सिग्नल शक्यतो वापरू नका. का? तर हा सिग्नल प्रोग्रॅमला पकडताच येत नाही. बाकीच्या सिग्नलवर मुख्य प्रोसेस आपली आवराआवर करून शिस्तीत बंद होते. नाइन दिला की ती जागच्या जागी मरते. तिची पोरं म्हणजे चाइल्ड प्रोसेसेस मात्र मागे अनाथ होऊन चालू राहू शकतात, डेटाच्या फायलींवर लिहीत.

मग डेटाबेस पुन्हा चालू करायला गेलो तर तो नाही म्हणाला. मेसेज होता की जुना शेअर्ड मेमरीचा ब्लॉक अजून वापरात आहे. त्याखाली हिंट होती. तिचा अर्थ असा: जुन्या सर्व्हरची एकही प्रोसेस चालू नाही याची खात्री असेल, तर तो ब्लॉक काढा किंवा सरळ ही फाईल डिलीट करा. ती फाईल म्हणजे 'पोस्टमास्टर डॉट पीआयडी'.

कॉलवर बारा-चौदा माणसं. कीबोर्डवर दीड वर्षाचा अनुभव असलेला एक पोरगा. हिंटमधलं 'खात्री असेल तर' कोणाच्या डोळ्यांत शिरलंच नाही. एक सीनियर गरजला, "हिंटमध्येच लिहिलंय ना, फाईल डिलीट कर म्हणून! उडव आणि रीस्टार्ट मार." पोरगा हळूच म्हणाला, "सर, आधी पीएस मारून बघू का?" उत्तर आलं, "क्लायंट लाइनवर आहे, टाइमपास नको."

एक 'पीएस'. दोन सेकंदांचं काम.

फाईल उडाली. डेटाबेस चालू झाला. 'ग्रेट जॉब टीम' असा मेल आला. आणि एकाच डेटा डिरेक्टरीवर आता दोन पिढ्या लिहायला लागल्या, जुनी अनाथ आणि नवी ताजी, एकमेकींचा पत्ता नसताना. तीन-चार दिवसांनी रिपोर्ट चुकायला लागले. जी नोंद एकदाच असायला हवी ती दोनदा. इंडेक्स एक सांगतोय, टेबल दुसरंच. मधल्या दिवसांचे बॅकअपही त्याच खराब डेटाचे! शेवटी रविवारच्या आधीच्या बॅकअपवर जावं लागलं आणि मधलं सगळं काम तिकडच्या लोकांनी हाताने परत भरलं.

मग रीतीप्रमाणे 'रूट कॉज ॲनालिसिस' झालं. त्यात मूळ कारण काय लिहिलं? 'ह्यूमन एरर'. आणि ह्यूमन कोण? ज्याच्या लॉगिनने कमांड चालली तो. अप्रेझलला त्याचं जे व्हायचं ते झालं, सहा महिन्यांत तो सोडून गेला. खरं तर सगळ्या कॉलवर योग्य प्रश्न विचारणारा तो एकटाच होता.

त्या कॉलवर मीही होतो. मी हिंट पूर्ण वाचली होती. आणि गप्प बसलो होतो.

(पोस्टग्रेसच्या नंतरच्या आवृत्त्यांमध्ये ती हिंट बदलली. आता ती फाईल डिलीट करायचं नावच काढत नाही, फक्त 'जुन्या प्रोसेस आधी बंद करा' म्हणते. लोक वाक्याचा उत्तरार्धच वाचतात हे त्यांच्याही लक्षात आलं असावं :) )

आता रीस्टार्टच्या धाकट्या भावाकडे वळू. त्याचं नाव 'सीएचमॉड ७७७'. 'परमिशन डिनाइड' असं दिसलं रे दिसलं की सगळ्यांना सगळं उघडं करून टाकायचं. जखम मांडीला, मलम शेंडीला! गंमत म्हणजे या मलमाने कित्येकदा दुखणं वाढतं. पोस्टग्रेसच्या डेटा डिरेक्टरीला ७७७ देऊन बघा. तो चालू व्हायलाच नकार देतो, कारण त्याला ७०० हवं असतं (२०१८ च्या अकराव्या आवृत्तीपासून ७५० ही चालतं). एसएसएचची खाजगी किल्ली सगळ्यांना वाचता येत असेल तर एसएसएच ती वापरत नाही. मायएसक्यूएलची कॉन्फिग फाईल कोणालाही लिहिता येण्यासारखी असेल तर तो ती फाईल चक्क दुर्लक्षित करतो. म्हणजे तुम्ही दार सताड उघडलं आणि घरमालकच म्हणाला की असल्या घरात मी राहत नाही.

बरं, परमिशनचा हा घोळ मुळात येतो कुठून? बऱ्याचदा आपल्याच हातून. सर्व्हिस चालू होत नाही म्हणून कोणीतरी रूट होऊन प्रोग्रॅम हाताने चालवून बघतो. चालतो! "बघ, चालतंय की." पण त्या एका प्रयोगात लॉग फाईल आणि पीआयडी फाईल रूटच्या मालकीची तयार होते. मग सर्व्हिस आपल्या साध्या युजरने चालू व्हायला जाते, स्वतःच्याच लॉगमध्ये लिहू शकत नाही आणि मरते. उपाय काय? तर म्हणे ७७७. खरा उपाय आहे 'एलएस मायनस एल' करून मालक कोण ते बघणं आणि मालकी बदलणं. पण त्यासाठी बघावं लागतं ना!

लोक म्हणतात, एरर मेसेज फार गूढ असतात. मी म्हणतो, असतात तरी किती? सर्व्हर चालू न होण्याची नेहमीची कारणं लिनक्सच्या चार एरर नंबरांत जवळजवळ संपतात.

९८: ॲड्रेस आधीच वापरात आहे. म्हणजे त्या पोर्टवर दुसरं कोणीतरी बसलंय. 'एसएस' किंवा 'एलएसओएफ' मारा, नाव आणि पीआयडी दोन्ही मिळेल. बऱ्याचदा तो आपल्याच सर्व्हरचा न मेलेला जुना अवतार असतो.

१३: परमिशन नाही. फाईलची असेल, वरच्या एखाद्या डिरेक्टरीची असेल, किंवा १०२४ च्या खालचा पोर्ट साध्या युजरने मागितला असेल. पूर्वीपासून तिथे रूटचाच अधिकार. आणि सगळं बरोबर दिसत असूनही नकार येत असेल तर एसई-लिनक्सचा ऑडिट लॉग बघा. एसई-लिनक्स बंद करू नका, लॉग बघा.

२८: डिस्कवर जागा नाही. 'डीएफ' जागा दाखवत असेल तर 'डीएफ मायनस आय' मारा, आयनोड संपलेले असतील. आणि भली मोठी लॉग फाईल डिलीट करूनही जागा सुटली नसेल तर कोणती तरी प्रोसेस ती अजून उघडी धरून बसली आहे. इथे त्या प्रोसेसला रीस्टार्ट मारल्यावर जागा खरंच सुटते, आणि सगळे खूश होतात. पण लॉग इतका का फुगला हे कोणी विचारत नाही, म्हणून तो परत फुगतो.

२: अशी फाईल किंवा डिरेक्टरी नाही. हा जरा छळतो. स्क्रिप्ट डोळ्यांसमोर आहे आणि युनिक्स म्हणतंय फाईलच नाही. ते खोटं बोलत नसतं. विंडोजवर एडिट केलेल्या स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीला शेवटी एक न दिसणारं कॅरेज रिटर्नचं अक्षर चिकटतं, आणि त्या विचित्र नावाचा शेल खरोखरच अस्तित्वात नसतो. म्हणजे हरवलेली फाईल ती नव्हे, तिच्या पहिल्या ओळीतली. अशा वेळी 'एसट्रेस' लावा. प्रोग्रॅम कुठली फाईल मागतोय आणि कर्नल काय उत्तर देतंय हे ओळीओळीने दिसतं.

आता थोडा इतिहास, कारण तो आपल्याला लाज वाटावी असा आहे. १९७१ च्या युनिक्सच्या पहिल्या मॅन्युअलमध्येच कित्येक कमांडच्या पानावर 'डायग्नॉस्टिक्स' आणि 'बग्ज' असे वेगळे मथळे होते. पुढे सत्तरच्या दशकात बेल लॅब्जमधले लोक फोटोटाइपसेटरवर मजकूर काढायचे. प्रोग्रॅमला फाईल सापडली नाही की एररसुद्धा त्याच आउटपुटमध्ये जायची. म्हणजे कागद रसायनात धुऊन बाहेर काढावा, तर त्यावर सुंदर टाइपात छापलेली एकच ओळ, 'फाईल उघडता येत नाही'! हे पुन्हा पुन्हा झाल्यावर डेनिस रिचीने एररसाठी वेगळा प्रवाह काढला. तोच आपला स्टँडर्ड एरर.

माणसापर्यंत तक्रार पोचावी म्हणून त्या लोकांनी सिस्टीममध्ये एक अख्खी वाट बांधली. आणि आपण स्टार्टअप स्क्रिप्टमध्ये काय लिहितो? आउटपुट आणि एरर दोन्ही 'डेव्ह नल'मध्ये! प्रोग्रॅमच्या तोंडात बोळा कोंबायचा आणि मग म्हणायचं, "काहीच एरर देत नाहीये हो."

यावर नेहमीचा युक्तिवाद येतो. "प्रॉडक्शन डाउन असतं तेव्हा मिनिटामिनिटाचे पैसे जातात. आधी चालू करू, कारण नंतर शोधू." अर्धं मान्य आहे. आग लागली तर आधी विझवायची. पण चालूच न होणारा सर्व्हर रीस्टार्टने विझत नाही, त्याला पुन्हा तेच उत्तर मिळतं. सिस्टमडी तर दहा सेकंदांत पाच प्रयत्न झाले की 'फार घाईने मागताय' म्हणून दारच लावून घेतो, आणि मग लोक तोच मेसेज मूळ कारण समजून बसतात. मूळ कारण पाच प्रयत्न वर, जर्नलमध्ये असतं. आणि 'नंतर शोधू' मधला तो 'नंतर' मी तरी क्वचितच पाहिला आहे. सोमवारी नवा स्प्रिंट असतो.

दुसरा युक्तिवाद नव्या पिढीचा. "आता सगळं कंटेनरमध्ये असतं, मेला की दुसरा उभा राहतो." हो ना! कुबरनेटिसने 'रीस्टार्ट मार' हे वाक्य आता यंत्रालाच शिकवलंय. दहा सेकंद, वीस, चाळीस, असं करत पाच मिनिटांपर्यंत थांबत तो तोच मेलेला प्रोग्रॅम पुन्हा पुन्हा उठवत राहतो. त्याला 'क्रॅश लूप बॅक ऑफ' असं भारदस्त नाव आहे. पण कारण तिथेही मेलेल्या कंटेनरच्या लॉगमध्येच असतं, आणि तो लॉग 'प्रीव्हियस' म्हणून वेगळा मागावा लागतो. आणि आता तर एरर एआयला विचारायची सोय आहे. विचारा की! पण चिकटवायला तरी आधी लॉग उघडावा लागतो, आणि उत्तरात 'फाईल डिलीट करा' आलं तर त्याच्या आधीचं 'खात्री असेल तर' तुम्हालाच वाचावं लागतं.

तर माझं मागणं फार नाही. काहीही हलवायच्या आधी लॉग दुसरीकडे कॉपी करा. शेवटची नाही, पहिली एरर वाचा, पूर्ण वाक्य, पूर्णविरामापर्यंत. कॉन्फिग बदललं असेल तर चालू सर्व्हर पाडायच्या आधी ते तपासा. अपाचे, इंजिनएक्स, एसएसएच सगळ्यांना तशी सोय आहे. पीआयडी फाईल उडवायच्या आधी 'पीएस' मारा. ही सगळी मिळून पाच मिनिटं होतात.

आणि सीनियर मंडळींनो, हे खास तुमच्यासाठी आणि माझ्यासाठी. कॉलवर कोणी नवखा पोरगा किंवा पोरगी हळू आवाजात म्हणाली की "आधी बघू का?", तर बाकीच्यांना म्यूट करा आणि तिला बघू द्या. क्लायंट पाच मिनिटं थांबतो. मी तेव्हा बोललो असतो तरी तो थांबलाच असता.